विहिरीवरची कुप्पी घरात आली

१९७४ साल. मी एकेचाळीस वर्षांचा होतो, आणि आपल्याइतकं वजन उचलणारा माणूस नागपुरात दुसरा नाही अशी माझी पक्की समजूत होती. शाळा तिसरीत सुटली. पण विहिरीतून मोटर काढायला पाढे लागत नाहीत. एका पंपाच्या दुकानात मी कामाला होतो. काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांतून बोलावणं यायचं. कुठं मोटर जळालेली, कुठं पंप पाणी ओढत नाही. एस.टी.नं जायचं, मोटर वर काढायची, दुरुस्त करून परत उतरवायची. हे काम मी पुष्कळ वर्षं केलं आणि कोणाला 'जरा हात लाव गा' असं कधी म्हटलं नाही.

बायको माझी नरखेड तालुक्यातल्या खेड्यातली. त्याच्या दोन वर्षं आधी तिच्या पाठीच्या मणक्यात टी.बी. निघाला. सुया झाल्या, गोळ्या झाल्या, प्लास्टरमध्ये पडून राहणं झालं. जीव वाचला, पण कमरेखालचे पाय काही परत आले नाहीत. हात मात्र पहिल्यासारखेच राहिले, कापूस वेचलेले आणि जात्यावर दळलेले. मूलबाळ आम्हाला नव्हतं. घरात ती खाटेवर आणि मी.

सकाळी कामावर जायच्या आधी मी तिला उचलून न्हाणीत नेत असे, परत आणून खाटेवर ठेवत असे. संध्याकाळी आलो की पुन्हा तेच. मधल्या वेळात ती पाणी पीत नसे. उन्हाळ्यातसुद्धा. ओठ कोरडे पडायचे, पण पाणी प्यालं की उठवायला माणूस पाहिजे, आणि मी असायचो काटोलला कोणाच्या तरी विहिरीत. शेजारच्या काकू चांगल्या होत्या. दारातून विचारत, "बाई, उचलू का वं?" ही आतून म्हणे, "नाई जी, राहू द्या." तिला दुसऱ्यानं उचललेलं चालत नव्हतं आणि मला दुसऱ्याला सांगणं चालत नव्हतं. दोघांचं जमलं होतं म्हणा.

मग एका दिवशी तिला उचलताना माझ्याच पोटात काहीतरी सटकलं. जांघेत लिंबाएवढा गोळा आला. मी तो आत दाबायचो, पट्टा बांधायचो आणि कामाला जायचो. शेवटी रामदासपेठेतल्या एका डॉक्टरला दाखवलं. म्हातारे, शांत डॉक्टर होते. म्हणाले, "आतडं उतरतंय. ऑपरेशन करून घ्या. आणि पुढं काही महिने वजन अजिबात उचलायचं नाही."

"अन् नाई केलं त?"

"तर एक दिवस आतडं अडकेल, आणि मग मी असूनही उपयोग नाही."

डॉक्टर बरोबर बोलले हे मला तिथंच कळलं. पण दवाखान्यात मी पडलो तर हिला न्हाणीत कोण नेणार? काही महिने वजन उचलायचं नाही म्हणजे बायकोला उचलायचं नाही. मी 'विचार करतो' म्हणून उठलो आणि घरी येऊन तिला त्याच हातांनी उचललं. तिनं मला विचारलं नाही, मी तिला सांगितलं नाही. पण माझ्या तोंडावर जे दिसायचं ते तिला दिसतच होतं.

ही खबर तिच्या भावानं काढली. तिच्याहून मोठा, मिश्यावाला, मनानं चांगला, पण बोलणं कुऱ्हाडीचं. तो येऊन बसला, पान दुमडलं आणि तिच्यासमोरच म्हणाला, "जवाईबुवा, आता तुमच्यानं होत नाई. होळी झाली का मी बाईले घेऊन जातो. घरी तिची भावजय आहे, आम्ही समदे आहो. तुमी मोकळे व्हा. उमर आहे अजून, दुसरं पाहा."

"मी उचलीन तिले," मी म्हटलं.

"कशानं? फाटक्या पोटानं?"

मी उठून अंगणात गेलो. तो गेल्यावर बायकोनं मला आत बोलावलं.

"जाईन मी," ती म्हणाली. "दादा वाईट नाई. पन एक सांगून ठेवते. तिकडे गेली का मी पाहुनी नाई, वझं होईन. अन् तिकून मले कोनी परत आनून सोडनार नाई. तुमीबी येनार नाई."

"मी काहून येनार नाई?"

"माय वं! तुमाले कोनापाशी मागता येते का काई? दादाच्या दारात उभं राहून 'मही बायको द्या' म्हनसान तुमी?"

ती खरं बोलत होती. माझ्या जिभेला ते वळण नव्हतं.

होळीच्या चार-आठ दिवस आधी काटोलजवळच्या एका बागेत मोटर काढायची होती. पट्टा बांधून गेलो, पण त्या दिवशी उभंच राहवेना. बरोबरच्या माणसाला म्हटलं, तू काढ, मी पाहतो. विहिरीवर आम्ही तीन नळांची तिपाई उभी करत असू, आणि तिच्या माथ्याला टांगायची कुप्पी. कुप्पी म्हणजे साखळीची दातेरी गिरकी. हातातली साखळी ओढत राहिलं की आकड्याला अडकवलेलं वजन बोटबोट वर येतं. मधेच साखळी सोडली तरी वजन जागच्या जागी राहतं, खाली पडत नाही. तो माझा जोडीदार म्हणजे नुसती काडी. आणि तो एका हातानं साखळी ओढत होता, दुसऱ्या हातानं संत्रं खात होता. चार माणसांना न हलणारी मोटर विहिरीतून हळूहळू वर आली, पाणी गाळत, हवेत थांबली.

माझ्या मनात जे आलं ते आलं. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा मला त्याची लाज वाटली. आपली बायको आकड्याला लटकवायची? मोटरीसारखी? येताना एस.टी.त मी तो विचार खिडकीबाहेर फेकून देत होतो आणि तो परत येऊन मांडीवर बसत होता. नागपूर येईपर्यंत मी हरलो होतो.

दुकानात एक जुनी कुप्पी पडून होती, दाते ठीक, साखळी गंजलेली. मालकाकडे मागायला मला जड गेलं. म्हटलं, "घरी न्यायची आहे." ते म्हणाले, "ने." काहून, कशाला, काही नाही. मागणं इतकं सोपं असतं हे मला तेव्हा कळलं. मी ती रॉकेलनं धुतली, ग्रीस घातलं. जळालेल्या मोटरींतले चार बेअरिंग घेतले आणि फळीखाली ठोकून एक बुटकी गाडी केली. ढकलली की गुळगुळीत पळायची.

राहिली तिपाई. लोखंडी नळ घरात मावत नव्हते. छपराला आडवी असलेली जुनी बल्ली वाळवीनं खाल्लेली, तिला टांगलं तर कवेलूंसकट सगळं डोक्यावर. म्हणून बांबू आणायला इतवारीकडे गेलो. कपडे वाळत घालायचा एक जाड बांबू घरी होताच, तसलेच दोन घेतले. बांधायला काथ्याची दोरी घेतली. झोळी शिवायला कोरा मांजरपाट घेतला. आणि ऊन तापायला लागलं होतं, बायकोनं सांगितलं होतं, म्हणून पाण्याचं एक नवं मडकं. बांबू सायकलला बांधले, कापड खांद्यावर टाकलं, मडकं हँडलला लटकवलं आणि सायकल हातात धरून चालायला लागलो.

आता हे मी लिहितो तेव्हा वाचणाऱ्याला लगेच दिसतं. मला त्या वेळी दिसलं नाही, शप्पथ. माझ्या डोक्यात तिपाई होती.

संत्राबाजाराच्या वळणावर बायकोच्या गावचा एक माणूस भेटला. संत्री विकून परत निघाला होता. माझ्याकडे पाहिलं, बांबूंकडे पाहिलं, मडक्याकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यावरचा शेला खाली आला.

"जवाई, काय झालं गा?"

मी कोणाला काही सांगायचं नाही असं ठरवलं होतं. जमलं नाही तर हसं व्हायचं. मी नुसती मान हलवली.

"कधी?"

"सकाळपासून त्याच्याच मागं आहो," मी म्हटलं आणि पुढं निघालो. त्यानं हात जोडले. मला वाटलं, भला माणूस आहे.

संध्याकाळी तिपाई उभी केली. बायको खाटेवरून पाहत होती.

"हे काय मांडून राहिले?"

"तुही मोटर काढतो."

"मही मोटर जळली का काय?"

पण हसता हसता तिनं एक शहाणी गोष्ट सांगितली. म्हणाली, तिपाईचं टोक खाटेच्या मधोमध नको, काठावर येऊ द्या, म्हणजे मी खाटेवरून खाली गाडीवर येईन. मी तिपाई सरकवली. पण झोळी काही जमली नाही. कोरा मांजरपाट कडक, तिला आत बसवून साखळी ओढली की ती पुढं घसरायची, गुडघे छातीला लागायचे. दोनदा केलं, दोनदा उतरवलं. ती दमली. म्हणाली, "उद्या पाहू. अन् ते बांबू त्या कोपऱ्यात ठेवू नका, मले कसंसच वाटते." मी म्हटलं, बांबू आहेत ते, बांबूच राहणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोरी वेगळ्या तऱ्हेनं बांधली आणि तिला पुन्हा वर घेतलं. ती खाटेपासून हातभर वर आली होती, पांढऱ्या कापडात, एका अंगाला कलंडलेली, आणि मला शिव्या देत होती, तेवढ्यात दाराबाहेर मोठ्यानं रडणं उठलं.

"अगं मही बाई वं! मले न सांगता गेली वं!"

दार उघडंच होतं. पुढं तिचा भाऊ, मागं भावजय, त्यांच्यामागं गावची पाच-सहा माणसं, सगळी पहिल्या एस.टी.नं आलेली. भावाच्या दोन्ही हातांवर घडी केलेलं नवं हिरवं लुगडं. सवाष्ण बाई गेली की तिला शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, ते घेऊन तो आला होता.

त्यानं वर पाहिलं. बहीण हवेत होती.

कुप्पीची साखळी तेवढी किणकिण करत होती.

"दादा," माझी बायको वरून म्हणाली, "काहून रडून राहिला गा?"

मागच्या दोघी किंचाळून अंगणात पळाल्या. एकीची चप्पल आमच्या उंबऱ्यातच राहिली. भाऊ मटकन खाली बसला. भावजय मात्र धीराची. ती जवळ आली, हिच्या पायाला हात लावून पाहिला, गालाला लावला आणि म्हणाली, "अवं, गरम आहे."

"गरम नाई त काय! हे मानूस मले सकाळपासून लटकवून राहिलं."

मग सगळा उलगडा झाला. संत्रावाला माणूसही त्यांच्यातच होता. त्याला सगळ्यांनी मिळून धरलं.

"म्या इचारलं ना बाप्पा, काय झालं म्हनून!" तो म्हणत होता. "यायनं मान हालवली. कधी म्हटलं, त म्हनाले सकाळपासून त्याच्याच मागं आहो! बांबू, दोरी, कोरा कपडा, मडकं! मी काय समजाव?"

आमच्या अंगणात असं हसणं मी त्याआधी ऐकलं नव्हतं. शेजारच्या काकू पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या होत्या. पण भाऊ हसत नव्हता. रात्रभर रडलेला माणूस, त्याला हसू लगेच कसं यावं? तो उठला, माझ्यासमोर आला.

"जिती आहे हे देवाची किरपा. पन हे काय मांडलं तुमी? मह्या बहिनीले आकड्याले टांगली? ढोर आहे का ते? बस झालं. होळीची वाट पाहात नाई आता. आजच नेतो. उतरवा तिले."

मी तिला खाटेवर उतरवलं. झोळी घसरतच होती. मशीन माझं, पण ते माझ्या बाजूनं बोलत नव्हतं. भाऊ तिची ट्रंक शोधायला लागला.

"थांब दादा," ती म्हणाली. "ते लुगडं कोनाचं?"

"तुहं होतं."

"मंग दे."

भावजय मधे पडली. "नाई वं बाई. मेल्या मानसाचं म्हनून आनलेलं जित्या बाईनं नेसू नाई. अन् घरी वापस बी नेता येत नाई. नदीत सोडा लागते."

"नव्वारी लुगडं नदीत? नेसत नाई मी. बसते त्याच्यावर."

भावजय तिच्याकडे पाहत राहिली, मग वर लोंबणाऱ्या मांजरपाटाकडे पाहिलं. ती शेतात काम करणारी बाई. तिला कापडाचं जे दिसलं ते मला आदल्या दिवसापासून दिसलं नव्हतं. म्हणाली, "हे मधून नेलंच नाई तर घसरनार नाई त काय होईल? कासोटा नाई याले." आणि लुगडं चौपदरी दुमडून तिनं हिच्या खालून घेतलं, एक पदर दोन मांड्यांच्या मधून वर काढला, जसा लुगडं नेसताना कासोटा खोचतात तसा, आणि चारही टोकं आकड्याशी आणली. पुरुषांना आधी बाहेर काढलं होतं. मी दोरीची गाठ मारायला म्हणून आत राहिलो.

मी साखळीला हात घातला तसं बायको म्हणाली, "सोडा ते. मले द्या."

"तुह्यानं—"

"हात लावू नका म्हनते ना."

तिनं साखळी धरली आणि ओढली. किणकिण, किणकिण. ती स्वतःच खाटेवरून वर आली. सरळ, बसल्यासारखी, कुठंही न घसरता. मग बांबूला धरून तिनं स्वतःला काठाच्या बाहेर ओढलं, खाली बेअरिंगची गाडी होती, उलट्या साखळीनं हळूहळू तिच्यावर उतरली. एका जागी थांबली, पाय हातानं उचलून नीट ठेवले, पुन्हा उतरली. भावजयीनं गाठी सोडल्या. माझे दोन्ही हात पुढं होते आणि त्यांना काही काम नव्हतं.

तिनं जमिनीला हात टेकले आणि गाडी ढकलली. घरातून सरळ उंबऱ्यापर्यंत आली. तिथं ती चप्पल पडली होती, ती उचलून बाहेर फेकली आणि भावाला म्हणाली, "चहा पेशीन ना? का मह्या मयतीत चहा चालत नाई?"

भावानं तोंडावर शेला घेतला. ह्या वेळचं रडणं वेगळं होतं. थोड्या वेळानं त्याच्या पोटातून हसू यायला लागलं, शेला हलायला लागला. ज्या घरात त्या दिवशी चूल पेटायची नव्हती तिथं बायकोनं स्वतः चुलीपाशी बसून सगळ्यांना गुळाचा चहा केला. संत्रावाल्याला तिनं सगळ्यात शेवटी दिला. "घे बाप्पा, मह्या हातचा पे, म्हंजे मी जिती आहो याची तुही खातरी होईन."

चहा घेताना तिनं मडक्यातलं पाणी घेतलं. गटागट दोन पेले प्याली, दिवसाढवळ्या, सगळ्यांसमोर. मी पाहतच राहिलो. भावानंही पाहिलं असेल, कारण कपबशी खाली ठेवून तो म्हणाला, "नेत नाई मी हिले."

मी त्याची कपबशी उचलून चुलीपाशी नेऊन ठेवली.

"पन जवाईबुवा, आता तुमच्या पोटाचं काय? आता कोनाले उचलाचं म्हनून थांबले?"

सगळी माझ्याकडे पाहायला लागली. दोन महिने मी हाच एक बहाणा छातीशी धरून बसलो होतो, आणि तो आता तिपाईला नुसता लोंबत होता. मी बायकोकडे पाहिलं. ती पातेलं घासत होती.

"वहिनी राहीन चार दिवस," ती मान वर न करता म्हणाली. "उचलाले नाई. बोलाले."

"अन् रातीची भीती वाटली त?" मी विचारलं.

"मले कायची भीती? मी कालच मेली."

संध्याकाळच्या एस.टी.नं गावची माणसं परत गेली. भावजय राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत असताना आतून साखळीचा आवाज आला. मी आत गेलो नाही. गाडी न्हाणीकडे गेली, दार लागलं, पाणी पडल्याचा आवाज आला. मग मी धोतर बदललं, एका पिशवीत लोटा आणि चादर घेतली, सायकल रिक्षा बोलावली आणि रामदासपेठेतल्या त्या डॉक्टरांकडे जाऊन म्हटलं, "घ्या साहेब, आता करा ऑपरेशन."